गेलेल्या मातीची खोली



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी परिषदेचा ऋणी आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'कृषी अर्थशास्त्राची वाटचाल' असा छापला आहे. तशी टिपणेही काढली होती. ती आज बाजूला ठेवतो. पुराने शेतीचे किती नुकसान झाले, हे आपण चाळीस वर्षे चुकीचे मोजत आलो आहोत. हे मला एकदा या व्यासपीठावरून सांगायचेच होते.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला. पाणी ओसरल्यावर माढा तालुक्यातल्या एका शिवारात मी पंचनाम्याच्या पथकाबरोबर उभा होतो. पीक तूर, क्षेत्र तीस गुंठे, नुकसान शंभर टक्के. सगळे नियमाला धरून लिहिले गेले. शेतमालकीण सत्तरीची. ती म्हणाली, "सायेब, तूर लिवली. रान कुठं लिवलं?"

मी खाली पाहिले. पायाखाली उघडा मुरूम होता. बांधावरच्या बाभळीची मुळे हवेत लोंबत होती. जिथून मुळे उघडी पडली होती, तिथून मुरमापर्यंत टेप लावली. चौदा इंच. तूर एका हंगामाची होती. ही चौदा इंच माती किती पिढ्यांची होती?

त्या पुराच्या वेळी लागू असलेले आपत्ती मदतीचे केंद्राचे निकष आपल्याला पाठ आहेत. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500. शेतात गाळ साचला तर 18,000, पण थर तीन इंचांपेक्षा जाड हवा. नदीने पात्र बदलून जमीनच नेली तर 47,000, तेही अल्प व अत्यल्पभूधारकालाच. आलेल्या गाळाची जाडी आपण विचारतो, गेलेल्या मातीची खोली मात्र विचारत नाही. तिचे फक्त क्षेत्र लिहितो.

साधा हिशेब करा. एका हेक्टरवरून फूटभर माती गेली, म्हणजे सुमारे 1,076 ब्रास गेली. दोन ब्रासच्या डंपरच्या 538 खेपा. 47,000 रुपये या खेपांवर वाटले तर एका खेपेला 87 रुपये पडतात. मातीची किंमत, भराई, वाहतूक, पसराई, सगळे त्यातच. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत देण्याचे जाहीर केले. त्याचे मी स्वागत करतो. पण माती वीतभर गेली काय आणि पुरुषभर गेली काय, मर्यादा तीच. खोली तिथेही नाही.

नुकसान मोजताना उपग्रह खरा की पंचनामा खरा, हा वाद कालपासून या मंडपात रंगला आहे. माझे उत्तर सांगलीच्या उसात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. काही आठवड्यांनी मी एका फडात गेलो. वरून पाहाल तर हिरवागार. एका शेतकऱ्याने विळ्याने ऊस उभा चिरून हातात दिला. शेंड्यातला कोंब काळा पडून कुजलेला, कांडीला आंबूस वास. हिरवे दिसत होते ते डोळ्यांतून फुटलेल्या पांगशांचे. उपग्रहाला ते जोमदार पीक दिसले असते आणि बांधावरून पाहणाऱ्या घाईतल्या माणसालाही. मित्रहो, दोघेही वरूनच पाहतात. ऊस चिरावा लागतो आणि जमिनीत टेप घालावी लागते. त्यावाचून केलेला अंदाज मी अंदाज मानत नाही.

कोणी म्हणेल, गेलेल्या मातीच्या जागी तलावातला गाळ आणून टाकला की झाले. मुरमावर गाळ पसरला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याची जमीन होत नाही. शेणखत, पालापाचोळा, गांडुळे आणि काही पावसाळे लागतात. तेवढ्या वर्षांचे घटलेले उत्पन्न हे नुकसानच आहे. आपण मात्र एका हंगामावर रेघ ओढून बेरीज मारतो. त्या बेरजेला 'मदत' म्हणा. 'भरपाई' हा शब्द तिथे वापरू नका.

परिषदेने तीन कामे हाती घ्यावीत. पंचनाम्यात खोलीचा रकाना यावा, यासाठी शासनाकडे आग्रह धरावा. जिल्हावार मातीच्या दराचा तक्ता तयार करावा. खरडलेल्या काही शेतांचे उत्पन्न दरवर्षी नोंदवत राहावे. तपशील तरुण सहकारी ठरवतील. माझ्या हाती आता तेवढी वर्षे नाहीत.

त्या दिवशी पंचनाम्याच्या कागदावर 'चौदा इंच' लिहायला जागा नव्हती. मी ते माझ्या वहीत लिहिले आणि पुढे सीनाकाठी जिथे गेलो तिथे खोली मोजत राहिलो. ही ती वही. आज ती परिषदेच्या स्वाधीन करतो. बरीच पाने कोरी आहेत.