पुराचं लाकूड आणि काचेतले मासे

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दहा मिनिटं दिलीत आणि विषयही तुम्हीच दिलात. हल्ली आपल्याकडे घरोघरी फिश टँक आले आणि पावसाळा सरला की मुलं नदीवरून लाकडं उचलून आणतात. "मावशी, हे टँकमध्ये चालेल का?" म्हणून दारात उभी राहतात. निम्म्या वेळा मला नाही म्हणावं लागतं. का ते आज सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे आई-वडिलांनाही कळेल.

दुकानात याला ड्रिफ्टवूड म्हणतात आणि हातभर तुकड्याचे चांगले पैसे घेतात. आपल्याकडे सावित्री, काळ, गांधारी ते फुकट आणून टाकतात. महाबळेश्वरच्या डोंगरातून पोलादपूरला उतरेपर्यंत दगडांवर आपटून साल निघते, मऊ भाग झिजतो, गाभा उरतो. टँकला तोच हवा.

तरी कुठलंही लाकूड चालत नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाचं, डिसेंबरनंतर काठ कोरडा पडल्यावर मिळालेलं उत्तम. कारखान्यांच्या खालच्या बाजूचं, गटाराच्या तोंडाशी अडकलेलं, डिझेलचा वास मारणारं नको. लाकूड पाणी पितं, तसं पाण्यातलं रसायनही पितं, आणि ते उकळून निघेलच याची खात्री नाही. दासगावकडच्या खाडीतल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं, ते जास्त दिवस भिजवावं लागतं. आणि मुलांनो, महाडजवळच्या सावित्रीत मगरी आहेत. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय काठावर जायचं नाही. पुराच्या चिखलात उघड्या हातापायांनी उतरायचं नाही. लेप्टोचा ताप तिथूनच येतो.

आता कायद्याचं. १९२७ म्हटलं की महाडकराला चवदार तळं आठवतं. त्याच वर्षीच्या भारतीय वन अधिनियमात वाहून आलेल्या लाकडावर एक वेगळं प्रकरणच आहे. वाहतं, काठाला लागलेलं किंवा बुडालेलं लाकूड, कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारचं समजलं जातं. तेव्हा हातभर फांदीपुरतंच बघा, ओंडक्यावर डोळा ठेवू नका. जंगलात शिरून तोडायचं तर नावच नको.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आपल्या कंपाउंडच्या भिंतीशी लाकडांचा ढीग साचला होता. त्यात फांद्या होत्या, तसे खिळे असलेले वासे होते, रंग लावलेली चौकट होती, एक पाट होता. घडलेलं लाकूड मी टँकसाठी घेत नाही. रंग, गंजलेले खिळे, वाळवीसाठी लावलेलं डांबर यांनी मासे मरतात, हे एक कारण. दुसरं असं, की त्याच दिवशी तळीयेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही घरं गाडली गेली. तो वासा कुणाच्या घराचा होता हे आपल्याला ठाऊक नाही. ती लाकडं आम्ही वेगळी रचून ठेवली होती, कुणी शोधत आलं तर असावीत म्हणून.

जात ओळखता आली तर बरं. ऐन, किंजळ, सागाचा गाभा टिकतो. खैर जड, पण रंग फार सोडतो. पांगारा, सावर, आंबा काही महिन्यांत भुसभुशीत होऊन पाणी नासवतात. बिब्बा आणि शेर यांना हातच लावू नका. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात. ओळखता येत नसेल तर नखाने दाबून बघा. नख रुतलं, ओला चीक दिसला किंवा कुजका वास आला, की टाकून द्या.

मग खरं काम. ताठ ब्रशने घासायचं, उरलीसुरली साल आणि मऊ भाग सुरीने खरवडायचा. साबण, फिनेल, पावडर काही नाही. मोठ्या टोपात लाकूड पूर्ण बुडवून तासभर उकळायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचं. त्याने किडे, गोगलगाईंची अंडी, बुरशी मरते. टोपात न मावणाऱ्या तुकड्यावर उकळतं पाणी ओतून तो पिंपात भिजत घालायचा, वर दगड ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. दोन आठवडे, कधी महिनाही लागतो. दगड काढल्यावर लाकूड वर आलं नाही, म्हणजे झालं. इथे घाई केली तर टँकमध्ये ते एक दिवस तरंगतं आणि काचेवर आपटतं.

टँकमध्ये ठेवल्यावर पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल. तो लाकडातला टॅनिन. घाबरू नका. पाणी किंचित आम्लधर्मी होतं, टेट्रा आणि फायटरला ते मानवतं. गप्पी-मॉलीवाल्यांनी पाणी जरा जास्त वेळा बदलावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. जुन्या टूथब्रशने काढला की पुरे, पुढे येईनासा होतो. मात्र मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर लाकूड लगेच बाहेर आणि निम्मं पाणी बदला. मग कारण शोधत बसा.

घरच्या गॅसवर नदीचं लाकूड उकळलेलं ज्यांच्या आईला चालत नाही (आणि तिचं बरोबरच आहे), त्यांच्यासाठी माझ्या मागच्या गॅलरीत शेगडी आणि मोठा टोप आहे. रविवारी सकाळी नऊनंतर या. लाकूड आधी घासून आणा, आणि पाणी खालून भरून आणायचं, आपल्या लिफ्टचा भरवसा नाही.