हिरव्या कपड्यांचं गुपित

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन पूर्वी पांढरेच कपडे घालत. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हॅरी शर्मन यांनी, पांढऱ्याने डोळे दिपतात म्हणून, हिरवा रंग आणला. त्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो जास्त गमतीचा.

डोळ्यातल्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. मेंदू त्यांच्या संदेशांची तुलना करून रंग ठरवतो. लाल रक्ताकडे बराच वेळ पाहिलं, की लांब लहरी टिपणाऱ्या पेशी मंदावतात. मग पांढऱ्यावर नजर गेली, की बाकीच्यांचं पारडं जड होतं आणि नसलेले हिरवट-निळे डाग दिसू लागतात! हिरव्या कापडावर ते फारसे जाणवत नाहीत.

घरी करून पाहा. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. सूर्याकडे मात्र कधीच टक लावू नका.