टायर घेताना आपणही दुकानात जाऊ

  हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा. आणि जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा, कारण आज थोडे आकडे सांगणार आहे.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे घरच्या चारचाकीचे टायर आणि चाकं. तुम्ही म्हणाल, हे तर माणसांचं काम. मीही असंच म्हणत होते. पण एक गोष्ट अशी घडली की मला हे शिकावं लागलं.

आमच्या गटात एक ताई आहे. तिच्या मालकांकडे जुनी डिझायर गाडी आहे. लग्नकार्य, दवाखाना, देवदर्शन अशी भाडी मारतात. घर त्यावरच चालतं. एका बैठकीत तिने अठरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं, टायर बदलायला. आमच्यात चर्चा झाली. एक जण म्हणाली, "काहून बदलते टायर? गाडी चालून तर राहिली ना!" दुसरी म्हणाली, टायर म्हणजे घासून जाणारी वस्तू, त्यातून उत्पन्न काय? शेवटी नाही म्हणायचं ठरलं. त्याच बैठकीत आम्ही फ्रीजसाठी कर्ज मंजूर केलं. इतिवृत्त मीच लिहिलं, आणि नाही म्हणणाऱ्यांत माझाही हात वर होता.

पुढे मे महिन्यात, भर दुपारी, त्या गाडीचा मागचा टायर फुटला. ताई आणि तिची मुलगी मागच्या सीटवर होत्या. गाडी रस्ता सोडून शेतात गेली. शेत नांगरलेलं होतं म्हणून गाडी ढेकळांत अडकून थांबली. जीव वाचले, पण ताईचा हात मोडला. दवाखाना, गाडीची दुरुस्ती आणि तीन आठवडे बुडालेली भाडी यांचा हिशोब केला, तर तो अठरा हजारांच्या कितीतरी पुढे गेला. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती काही बोलली नाही. नुसती म्हणाली, "टायरला बाजूनं फुगा आला होता. म्या पाहिला होता. पण आपल्याला काय समजते त्यातलं, म्हणून गप बसली."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. गाडीत मागे बसणारे आपणच असतो. लेकरू मांडीवर घेऊन आपणच बसतो. मग त्यातलं आपल्याला समजलं पाहिजे.

आपला बुलढाणा जिल्हा आता समृद्धी महामार्गावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. मेहकर, सिंदखेड राजा भागातली माणसं नागपूरला, शिर्डीला पटकन जाऊ लागली. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. रस्ता सिमेंटचा, सरळ, आणि आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. गावच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणारा घासलेला टायर कसाबसा निभावतो. तोच टायर तासभर १२० ने पळवला की तापतो. त्यात हवा कमी असेल तर टायर बाजूने सारखा दबत राहतो, आतून आणखी तापतो आणि फुटतो. म्हणून २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जीव गेले. तेव्हा आधी टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. पण परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही असं आलं. म्हणजे प्रत्येक अपघात टायरवर ढकलता येत नाही. टायर नवा असला तरी झोप आलेल्या ड्रायव्हरला तो जागं करत नाही. दोन्हीकडे लक्ष हवं.

आता कामाचं बोलू. टायर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

टायरवर ज्या खाचा असतात, त्यांच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. शेतातल्या सरीत मधे बारीक बांध घालावा तसे. खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली की वरचं रबर आणि तो उंचवटा एका पातळीत येतात. तसं झालं की टायर संपला. कारसाठी कायद्यानेही एवढी खोली लागते. या खाचा पावसाचं पाणी बाजूला काढतात. खाच नसेल तर चाक पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते. म्हणून अगदी त्या रेषेपर्यंत वाट पाहू नका, पावसाळ्याआधीच बघा.

टायर कसा घासला हेही बघा. मधोमध घासला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडांनी घासला तर हवा कमी होती. एकाच कडेने घासला तर चाकाचं अलाइनमेंट बिघडलंय. हे दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच घासतील.

आणि बाजूला फुगा आला असेल, खोल कट असेल, बारीक बारीक भेगा पडल्या असतील, तर खाचा कितीही असोत, तो टायर काढायचाच. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. पंक्चर फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात काढता येतं, बाजूच्या भिंतीत नाही.

ताईच्या अपघातानंतर आमच्या घरच्या गाडीचे टायर मी पाहिले. दोन गोटा झालेले, एकाला भेगा. आमचीही डिझायरच आहे, जुनी घेतलेली. मी दिरांना म्हटलं, या वेळी मीही दुकानात येते.

जाण्याआधी दोन कामं केली. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचं माप आणि किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढला. मग टायरवर लिहिलेलं वाचलं. आमच्या टायरवर होतं १६५, तिरपी रेघ, ८०, मग इंग्रजी आर आणि १४. पुढे ८५ आणि इंग्रजी टी.

घाबरू नका, सोपं आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल टायर आणि १४ म्हणजे आतली डिस्क १४ इंचांची. ८५ हा वजनाचा आकडा. त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत बनवलेला. आपल्याला तेवढं पळायचं नाही, पण कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी वजनाचा किंवा कमी वेगाचा टायर कधी घ्यायचा नाही.

दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे बघतही नव्हता, सगळं दिरांशीच बोलत होता. त्याने चमकणारी अलॉय चाकं दाखवली, १६ इंचांची, आणि त्यावर १९५, ५५ चे टायर. दिरांचं लग्न ठरलेलं, त्यांचा चेहरा खुलला. गाडी अशी उठून दिसेल म्हणाले.

मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला. १९५ चे ५५ टक्के म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण रबराची भिंत १३२ वरून १०७ वर येते. अडीच सेंटिमीटर रबर गेलं आणि त्या जागी धातू आला. आपल्या गावचा फाटा ते घर या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते आपल्याला माहीत आहे. खड्ड्याचा दणका आधी रबर झेलतं. रबर कमी तर दणका सरळ डिस्कला आणि आपल्या कंबरेला. साधी लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉय चाकाला तडा गेला तर नवं घ्यावं लागतं.

अलॉय वाईटच असतं असं नाही. ते दिसायला छान, बरेचदा वजनालाही हलकं. पण घ्यायचंच असेल तर कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापातलं घ्यावं. आमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५, ६५, १५ इंच असं माप येतं. नटांची संख्या, नटांमधलं अंतर, मधलं भोक आणि चाक किती आत-बाहेर बसतं हे सगळं जुळावं लागतं. नाहीतर चाक वळताना आत घासतं, बेअरिंगवर ताण येतो. मापाबाहेर गेलात तर विम्याच्या वेळी वाद निघू शकतो, तो वेगळाच.

मी दिरांना एवढंच म्हटलं, "भाऊजी, लग्नात गाडीला हार-फुलं लावू, तीही छान दिसते. आईंना नागपूरला दवाखान्यात न्यायचंय, ते मात्र टायरवर न्यायचंय." ते जरा हिरमुसले, पण ऐकलं. आमच्या डिस्क सरळ होत्या, त्याच ठेवल्या. फक्त टायर घ्यायचे ठरले.

मग टायर आले. मी वाकून तारीख शोधली. टायरच्या एका बाजूला इंग्रजीत डॉट अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. त्यावर होतं १२१९. म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. आम्ही २०२३ मध्ये खरेदी करत होतो! नवा कोरा दिसत होता, पण चार वर्षं दुकानात पडून होता. रबर पडून पडूनही कडक होतं. मी म्हटलं, हा नको, या वर्षीचा दाखवा. दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आतून दुसरे आणले, ०८२३ चे. भाव तोच.

मैत्रिणींनो, हे चार आकडे जरी आज लक्षात राहिले तरी माझं बोलणं कामी आलं म्हणेन.

आता दुकानात विचारायच्या गोष्टी लिहून घ्या.

एक, माप स्टिकरप्रमाणेच आहे का.
दोन, चार आकड्यांची तारीख ताजी आहे का.
तीन, आयएसआयचा शिक्का आहे का.
चार, टायर ट्यूबलेस असेल तर व्हॉल्वही नवे टाकणार का. जुना व्हॉल्व हवा सोडतो.
पाच, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट भावात धरलंय की वेगळं.
सहा, पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद.

पैसे कमी असतील आणि दोनच टायर घ्यायचे असतील, तर नवे मागे टाकायचे. पुष्कळांना वाटतं पुढे टाकावेत. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरत नाही. दुसऱ्याचे वापरलेले टायर स्वस्तात मिळतात, ते कारला घेऊ नका. आत काय तुटलंय ते वरून दिसत नाही. आणि स्टेपनी विसरू नका. ती डिकीत पडून म्हातारी होते, अडचणीच्या वेळी तिच्यातच हवा नसते.

चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्या. हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी बघा, सकाळी, टायर थंड असताना. गाडी भरून नेणार असाल तर स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो बघा. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून काही जण मुद्दाम हवा कमी ठेवतात. हे अगदी उलटं आहे. कमी हवेनेच टायर जास्त तापतो.

आणि देव न करो, चालताना टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा, वेग आपोआप कमी होऊ द्यायचा, मग कडेला. घरी जो गाडी चालवतो त्याला आज रात्री जेवताना हे नक्की सांगा.

आता गटाचं सांगते. पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा काढला. इतिवृत्तात लिहिलं की मागचा निर्णय चुकला. ठराव केला की ज्या सभासदाच्या घरी भाड्याची गाडी आहे, तिला टायर आणि ब्रेकच्या कामासाठी कर्ज मागता येईल. ते उत्पन्नाचंच कर्ज समजायचं. अट एवढीच की पक्कं बिल लावायचं आणि टायरवरचे चार आकडे बिलावर लिहून आणायचे. पहिलं कर्ज त्याच ताईने घेतलं. हात प्लास्टरमध्ये होता, अंगठा मात्र मोकळा होता. शिक्का-पॅडवर अंगठा टेकवता टेकवता म्हणाली, "सही येते मले, पण आज अंगठाच घ्या." सगळ्या हसलो. पण माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

बैलगाडीच्या काळात आपल्या आज्या चाकाची धाव सैल झाली की आवाजावरून ओळखायच्या आणि घरधन्याला सांगायच्या. गाडी बदलली म्हणून आपण गप बसायचं कारण नाही. उद्या सकाळी अंगण झाडताना दारातल्या गाडीला एक चक्कर मारा. चारी टायर बघा, फुगा दिसला तर बोला. मोठ्याने बोला.

नमस्कार.