दिल्लीतील घरे



दिल्लीस येणारा पाहुणा किल्ले, मकबरे आणि मिनार पाहून परततो. आम्ही मात्र त्यास थंडीच्या दिवसांत पायी घरे दाखवावयास नेतो. सोमवार तेवढा टाळावा लागतो.

आरंभ तीन मूर्ती भवनापासून. सरसेनापतीच्या निवासासाठी १९३० साली बांधलेल्या या प्रासादात पंडित नेहरू १९४८ पासून १९६४ साली निधन होईपर्यंत राहिले. तेथून थोड्या चालीवर १, सफदरजंग रोड. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधी बागेतील ज्या वाटेने निघाल्या, ती आता स्फटिकाने आच्छादिलेली आहे. पुढे तीस जानेवारी मार्गावर, त्या वेळच्या बिर्ला भवनात, गांधीजींनी अखेरचे १४४ दिवस काढले. त्यांच्या खोलीत गादी आणि बैठे मेज आहे. तेथून प्रार्थनास्थळापर्यंत सिमेंटची पावले उमटविलेली आहेत. त्या पावलांच्या शेजारून चालताना बोलका पाहुणाही गप्प होतो.

चौथे घर दूर, उत्तर दिल्लीत. मेट्रोने विधानसभा स्थानकापर्यंत जाऊन २६, अलिपूर रोड गाठावे. येथे ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीही ते ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गढलेले होते. आज तेथे उघड्या ग्रंथाच्या आकाराचे स्मारक उभे आहे. त्याचे उद्घाटन २०१८ साली झाले. वास्तू भव्य आहे; परंतु जुने घर उरलेले नाही. बाबासाहेब कोठे बसून लिहीत, कोणत्या खिडकीतून उजेड येई, हे दाखविणाऱ्या भिंतीच नाहीत. आपल्या मायबोलीच्या या थोर पुरुषाचा उंबरठा आपणांस पाहावयास मिळत नाही, याची रुखरुख आम्हांस दर वेळी लागते.

राष्ट्रपुरुषाच्या घराची ही गत, तर परप्रांतात भाड्याच्या खोल्यांतून संसार थाटलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरांची काय कथा? त्या भिंती आपण राखू शकलो नाही. त्यांची पत्रे, हिशेबाच्या वह्या, गणेशोत्सवाची छायाचित्रे मात्र अजून कोणाच्या तरी ट्रंकेत असतील. सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची विनंती एवढीच, की ती रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कपाटात आणून द्यावीत.