नाव कोणाचे?



दुसऱ्याच्या मोकळ्या जागेस रातोरात कुंपण घालावयाचे आणि 'हटवायचे तर पैसे मोजा' म्हणावयाचे, असे लोक आपणांस नवे नाहीत. आज आम्ही बोलणार आहो ते जागेच्या नव्हे, नावाच्या बळकावणीबद्दल. इंटरनेटवरील प्रत्येक स्थळाला पत्ता असतो. त्यास डोमेन नाव म्हणतात. एका शहरात 'लक्ष्मी' नावाची दोन दुकाने सुखाने नांदतात. पण 'डॉट कॉम' शेपटीचे एक नाव साऱ्या जगात एकालाच मिळते, आणि तेही पहिल्याने मागेल त्याला. मागणारा कोण, ते कशासाठी मागतो, हे देणारा विचारीत नाही. तंट्याचे मूळ येथे आहे.

मुंबईचेच उदाहरण घ्या. 'रेडिफ' कंपनीचे स्थळ चालू असताना दुसऱ्या कोणी इंग्रजी लेखनातले एक अक्षर बदलून 'रॅडिफ' हे नाव घेतले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. प्रतिवादींनी व्युत्पत्ती मांडली: 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरे, आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांचे एकेक! यास्काचार्यांनीही हात जोडले असते. न्यायालयाला मात्र ती पटली नाही. १९९९ साली मनाई हुकूम झाला; डोमेन नाव नुसता पत्ता नव्हे, त्यास व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण हवे, असे ठरले.

पण नाव घेणारा एका देशात, तक्रार करणारा दुसऱ्या. कोर्टाची पायरी किती जणांनी चढावी? म्हणून त्याच वर्षी 'आयकॅन' या संस्थेने लवादासारखी एक रीत घातली. नाव आपल्या चिन्हाशी घोटाळा होण्याइतके जुळते, घेणाऱ्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते कुहेतूने घेतले व वापरले, या तिन्ही गोष्टी तक्रारदाराने सिद्ध करावयाच्या. उत्तरास वीस दिवस. काम बहुधा कागदोपत्रीच. भरपाई नाही, नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे जाते, इतकेच.

ठीक. पण मोठ्याचे नाव मोठ्याला मिळाले की न्याय झाला काय? अमेरिकेत उझी निस्सान या गृहस्थांचा संगणकांचा लहानसा धंदा होता. निस्सान हे त्यांचे आडनाव. १९९४ साली त्यांनी 'निस्सान डॉट कॉम' घेतले. १९९९ साली निस्सान मोटार कंपनीने त्यांच्यावर एक कोटी डॉलरांचा दावा लावला. स्थळावर त्यांनी मोटारींच्या जाहिराती दिल्या होत्या, ते न्यायालयाने गैर ठरविले, आणि आमच्या मते योग्यच ठरविले. परंतु नाव अखेरपर्यंत त्यांचेच राहिले. तोवर कित्येक वर्षे कज्ज्यात गेली. २०२० साली ते वारले.

खऱ्या मालकाचे नाव तक्रारीच्या धाकाने उपटू पाहणाऱ्यासही त्या रीतीत शब्द आहे: 'उलटी बळकावणी'. निवाड्यात तो लिहिला जातो. त्यापुढे तक्रारदाराला एका पैचाही दंड नाही; आणि वीस दिवसांत वकील गाठण्यासाठी धावलेल्या दुकानदाराचा खर्च, नाव वाचले तरी, त्याच्याच बोकांडी बसतो.