चौथ्या क्रमांकामागची उडी



मल्लखांब आपल्या घरचा. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं आणि २०१३ मध्ये आपल्या मध्य प्रदेशानं त्याला राज्यक्रीडेचा मान दिला. जिम्नॅस्टिक्सकडे मात्र आपण वळून पाहिलं ते आगरतळ्याच्या एका मुलीमुळे. दीपा कर्माकर, जन्म १९९३.

सहाव्या वर्षी ती सरावाला लागली, तेव्हा तिचे तळवे सपाट होते. व्हॉल्ट या उडीच्या प्रकारासाठी हे मोठं वैगुण्य, कारण फळीवरून उसळताना आणि खाली उतरताना धक्का झेलते ती पायाची कमान. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी व्यायाम देऊन देऊन तिचे पाय तयार केले. साहित्याची तर वानवाच होती. गाद्यांवर गाद्या रचून त्यावरून उड्या मारायच्या, असा तो सराव.

पुढे तिनं प्रोदुनोव्हा उडी निवडली. धावत येऊन टेबलावर हात टेकायचे, हवेत पुढच्या बाजूनं दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. उतरताना जमीन नजरेला येत नाही. फिरकी जरा कमी पडली तर मानेवर बेततं. मग हीच उडी का? व्हॉल्टमध्ये काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाई येते ती लहानपणापासून चांगल्या साहित्यावर घोटून, आणि दीपाला ते मिळालं नव्हतं. प्रोदुनोव्हाचं काठिण्य मात्र तेव्हा ७.० इतकं भरघोस होतं. कमी पडलेल्या सोयींची भरपाई तिनं जिवावरच्या धोक्यानं केली, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या धैर्याला माझा नमस्कार, पण ती वेळ तिच्यावर आणणाऱ्या व्यवस्थेचं कौतुक मला करवत नाही.

२०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओत ऑलिंपिकमधली व्हॉल्टची अंतिम फेरी. तिथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. तिचे गुण १५.०६६, कांस्य जिंकणाऱ्या जुलिया श्टाइनग्रुबरचे १५.२१६. ती चौथी आली, पदक हुकलं ते ०.१५० नं.

२०१७ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिनला तिनं विश्वचषक मालिकेतलं सुवर्ण जिंकलं, तेही प्रोदुनोव्हाशिवाय! नंतर बंदी असलेलं द्रव्य चाचणीत आढळल्यानं २१ महिन्यांची बंदी आली. तीही या कारकिर्दीचाच भाग आहे. ती भोगून मे २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं सुवर्ण मिळवलं. भारताचं त्या स्पर्धेतलं हे पहिलंच सुवर्ण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ३१ व्या वर्षी, ती निवृत्त झाली.

इथे बसलेल्या आजी-आजोबांना आणि आई-वडिलांना एक विनंती आहे. घरातली मुलगी जिम्नॅस्टिक्स शिकायचं म्हणाली तर जरूर पाठवा. पण नाव घालताना तिथल्या पदकांची चौकशी नंतर करा. आधी विचारा, जाड गाद्या आणि फोमनं भरलेला खड्डा आहे का? नसेल, तर पालकांनी एकत्र येऊन तो मागा.