अनुक्रमजुळणीची कसोटी

एकाच ग्रंथाच्या दोन जुन्या पोथ्या ताडून पाहताना एकीत गळलेले शब्द दुसरीत आढळतात. तेथे जागा रिकामी सोडूनच पुढील ओळी जुळवाव्या लागतात. जीवशास्त्रज्ञांनाही प्रथिनांतील अमिनो आम्लांचे अनुक्रम असेच जुळवावे लागतात. मानवी हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत १४१, तर बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. रिकाम्या जागा नेमक्या कोठे सोडावयाच्या, हा येथे खरा प्रश्न असतो. जुळणी एक घर जरी सरकली, तरी प्रथिनाच्या कार्याविषयीचे अनुमान आणि सजीवांचा वंशवृक्ष ही दोन्ही चुकू शकतात.

नीडलमन व वुन्श यांनी १९७० मध्ये संपूर्ण अनुक्रमांच्या, तर स्मिथ व वॉटरमन यांनी १९८१ मध्ये अनुक्रमांतील सदृश भागांच्या जुळणीची पद्धत मांडली. ठरवून दिलेल्या नियमांनुसार सर्वाधिक गुणांची जुळणी या पद्धती निश्चितपणे शोधतात. परंतु नियम मनुष्याने ठरविलेले असल्यामुळे सर्वाधिक गुण म्हणजे सत्य, असे म्हणता येत नाही. शिवाय अनेक अनुक्रम एकदम जुळविताना गणित इतके वाढते, की क्लस्टल, मसल, मॅफ्ट यांसारख्या संगणकीय आज्ञावलींना जवळची वाट धरावी लागते.

मग अचूकता मोजावी कशी? प्रथिनाची त्रिमितीय रचना अनुक्रमापेक्षा सावकाश बदलते. या तत्त्वावर, रचना ताडून तयार केलेल्या आदर्श जुळण्यांचा ‘बॅलिबेस’ हा संग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमिनो आम्लांच्या किती जोड्या आणि किती संपूर्ण स्तंभ आदर्शाप्रमाणे जुळले, यावरून आज्ञावलीला गुण मिळतात.

अशा तुलनांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. अनुक्रमांत पुरेसे साम्य असेल, तर बहुतेक पद्धती सारख्याच विश्वसनीय ठरतात. साम्य सुमारे पाव हिश्श्याहून खाली गेले की चुका झपाट्याने वाढतात. दुसरे असे, की सर्व प्रसंगी श्रेष्ठ ठरेल अशी एकही पद्धत नाही.

कसोटीलाही मर्यादा आहेत. ज्यांची रचना ज्ञात आहे, त्याच प्रथिनांना ती लागू पडते. आणि एकाच कसोटीवर उतरण्यासाठी घडविलेली आज्ञावली अन्यत्र उणी पडू शकते. म्हणून अभ्यासकाने एकाच उत्तरावर न विसंबता दोन-तीन पद्धतींनी जुळणी करून पाहावी आणि जेथे त्यांत मतभेद दिसेल, तेथे निष्कर्ष राखून ठेवावा. संगणकाचा वेग कितीही वाढला, तरी हा विवेक अभ्यासकालाच बाळगावा लागेल.